ड्रायव्हरच्या मागची जाळी

लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि माझी अक्कल त्याहून लहान होती. हे एसटीवर ड्रायव्हर, गंगाखेड-परभणी गाडीवर. घर रस्त्याच्या वळणालाच.

शेजारच्या रेडिओवर बातमी आली: मुंबईहून उडालेलं विमान समुद्रात पडलं, कुणीच वाचलं नाही. पुढं कळलं, चूक पायलटची होती. नळावर बायांनी त्याला धुण्यासारखं आपटून काढलं. मी मात्र भलतीकडंच अडकले. एवढी माणसं आत, आणि ‘अहो, समोर बघा’ म्हणायला त्याच्या पाठीशी एकही कसं नव्हतं?

म्हणजे आमच्या यांच्या पाठीशी तरी कुणी हवं. दुसऱ्या दिवशी डबा द्यायच्या निमित्तानं स्टँडवर गेले, ते थेट गाडीत चढून ड्रायव्हरच्या मागच्या जाळीला नाक लावून बसले. कंडक्टरनं तिकीट विचारलं तर मीच म्हणाले, मी कामावर आहे. त्यानं हसत तिकीट फाडलंच.

अहो, म्हैस. अहो, सायकल. अहो, ट्रक यायलाय. यांची नजर समोरच. पोखर्णीच्या अलीकडं ‘अहो, शेळी’ म्हणून अशी किंचाळले, की यांनी दचकून मागं बघितलं आणि गाडी कच्च्यात उतरली. एका म्हातारीची वांग्यांची पाटी माझ्या मांडीवर सांडली. शेळी खुंट्याला बांधलेली होती.

पोखर्णीला गाडी थांबली. आता बोलणी बसणार म्हणून मी पदर नाकापर्यंत ओढला. यांनी चहाची कपबशी हातात दिली.

“लय भ्यालीस का?”

मी मान डोलावली.

“मी बी भेतो. म्हणून तर समोर बघतो.” मग म्हणाले, “त्यो पायलट बी कुणाचा तरी घरधनी आसल. तिला आता लोक काय काय ऐकवायले आसतील.”

मला नळ आठवला. ती बाई माझ्या मनातसुद्धा आली नव्हती.

मग यांनीच ठरवलं: शेवटची खेप वळणावर आली की हॉर्न देणार, तोवर मी घरीच बसून भ्यायचं.

संध्याकाळी हॉर्न वाजला. मी भाकरी तव्यावर टाकली, आणि असा आवाज आता कधीच न येणारं एक घर डोळ्यांपुढं आलं. हात तिथंच राहिला.

भाकरी करपली. यांनी मुकाट खाल्ली.