उस्तादांसाठी शिशाची गोळी

फौजेनं मला बर्फात पाठवलं, वाळूत पाठवलं आणि एकदा, कुणाच्या तरी नजरचुकीनं, माझ्याच लग्नाला वेळेवर सुट्टीवरही पाठवलं. शेवटची पोस्टिंग मात्र मी माझ्या हातानं काढून घेतली: अल ऐन, संयुक्त अरब अमिरात. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आर्मरर हवालदार म्हणून पेन्शनीत निघालो आणि इथल्या एका नेमबाजी क्लबात लागलो. काम तेच, फक्त सलाम कमी. सकाळी सातला शस्त्रागार उघडायचं, हत्यारं तपासायची, तेल द्यायचं. दुपारी क्लबच्या परवान्यावर रिलोडिंग करायचं, म्हणजे उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांत पुन्हा बारूद आणि गोळी भरायची.

रिलोडिंग करणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो गोळीचा. ओतीव शिशाची घ्यायची की तांब्याच्या जॅकेटची? सिव्हिलियन मंडळींना मी असं समजावतो. शिशाची गोळी म्हणजे घरात बनियनवर बसलेला मामा. हाक मारली की बाहेर. मऊ असते, अंगाला चरबी लावलेली असते, थोड्या बारुदावर नळीतून सरकून जाते. मागे कचरा ठेवते, तो आर्मररनं घासायचा. जॅकेटवाली म्हणजे शेरवानीतला नवरदेव. दिसायला झकास, नळी स्वच्छ ठेवते. पण दारात अडतो. मागून दणकून ढकलावा लागतो. म्हणून मामाचं बारूद नवरदेवाला कधी द्यायचं नाही. एवढं लक्षात ठेवलं तर अर्धं रिलोडिंग आलं.

आमच्या रेंजचा प्रमुख खल्फान. तिथल्या फौजेचा निवृत्त सार्जंट, माझ्याच वयाचा, पोटानं माझ्यापेक्षा सीनियर. रिलोडिंग माझ्याकडून शिकत होता. त्याला वॉकीटॉकीचं भारी वेड. दहा पावलांवरून विचारायचा, "कदम, चाय आया? ओव्हर." मी तोंडानंच ओरडायचो, "आया! आऊट!"

त्या हिवाळ्यात शारजाहून फोन आला. "कदम, मी बोलतोय." मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. फोनवर. सुभेदार साळुंखे! माझे वेपन ट्रेनिंगचे उस्ताद. मुलगी सुनंदा आणि जावई शारजातल्या अल मजाजला राहायचे, त्यांच्याकडे ते तीन महिन्यांसाठी आले होते.

"सतरा तारखेला मला फायर करायचंय," उस्ताद म्हणाले. "दत्तूचा दिवस आहे."

दत्तू जगताप, आमच्या कंपनीतला शिपाई. डोंगरावरच्या एका चौकीवर उस्तादांचा उजवा हात गेला, तेव्हा दत्तूनं त्यांना पाठुंगळी मारून खाली आणलं. मग दुसऱ्या जखमीला आणायला वर गेला. तो परत आला नाही. उस्तादांचा उजवा हात मनगटापुढे नावापुरताच आहे. त्यात चमचाही राहत नाही. त्या दिवसानंतर त्यांनी हत्यार उचललं नव्हतं. आता उचलायचं होतं, डाव्या हातानं.

सतरा तारीख शुक्रवारी आली. मी सकाळी त्यांना न्यायला अल मजाजला गेलो. सुनंदानं पोहे दिले आणि लिफ्टपर्यंत सोडायला आली.

"कदमकाका, एक हात सरकारला दिला बाबांनी. उरलेला मला संध्याकाळी परत पाहिजे."

"रिसीट देऊ का?" मी म्हटलं.

ती हसली नाही. आत तिची मुलगी आजोबांच्या बुटाची नाडी बांधत होती. "Ajoba, other foot!"

मी तयारी पक्की केली होती. रिव्हॉल्व्हर घेतलं होतं, कारण त्याचा मागचा खटका, जो काडतुसावर आपटतो तो, डाव्या अंगठ्यानं आरामात मागे ओढता येतो. आणि गुरुवारी बसून खास हलकी काडतुसं भरली होती. शिशाची गोळी, कमीत कमी बारूद. डाव्या मनगटाला धक्का नाही, मांजरानं पंजा लावावा तेवढंच. काडतुसं भरायची प्रेस त्याच हलक्या बारुदाच्या मापावर सेट ठेवून मी घरी गेलो होतो.

जुम्म्याची नमाज झाल्यावर रेंज उघडली. खल्फाननं उस्तादांना खजूर आणि गावा, म्हणजे अरबी कॉफी, दिला, तीन वेळा कप भरला. उस्तादांना कप हलवून 'बस' म्हणायची रीत माहीत नव्हती. ते फौजी माणूस, समोर आलेलं संपवत गेले. चौथ्याला मीच कप हलवला.

"यल्ला," खल्फान म्हणाला आणि काडतुसांचा डबा त्यांच्यापुढे ठेवला. मी टार्गेट लावायला पुढे गेलो होतो. परत आलो तेव्हा उस्तादांनी एका हातानं रिव्हॉल्व्हर भरून बंदही केलं होतं. मदत घेणार नाहीत, हे मला ठाऊक होतं.

"फायरर रेडी?" खल्फान वॉकीटॉकीवर.

"रेडी," मी म्हटलं.

"फायर. ओव्हर."

पहिला राउंड सुटला. 'ठाप' नाही. 'फुस्स'. सोड्याची बाटली उघडावी तसा. कागदावर छिद्र नाही, मागच्या वाळूत धूळ नाही. गोळी नळीत अडकली होती. आता दुसरी सुटली तर पुढे वाट नाही. नळी हातात फुटणार. डाव्या हातात.

"स्टॉप!" मी ओरडलो.

उस्तादांच्या कानांवर आवाज अडवणारे मफ होते, आणि मफच्या आतले कान फौजेत कधीच जमा झाले होते. त्यांना वाटलं नेम चुकला. त्यांनी शांतपणे खटका मागे ओढला, श्वास अर्धा सोडला. मीही असंच शिकलो होतो त्यांच्याकडून: अर्धा श्वास, मग बोट. म्हणजे माझ्याकडे अर्धा श्वास होता.

मी झेप घेतली आणि खटका नि चौकट यांच्या फटीत माझा अंगठा घातला. खटका पडला. अंगठ्यावर.

उस्ताद गर्रकन वळले, नळी मात्र शिस्तीत टार्गेटकडेच. उजव्या मनगटानं मफ मानेवर ओढले. "फायररला हात लावतोस? हे शिकवलं मी तुला?"

"नाही उस्ताद. हे आज माझं मी शिकलो."

रिव्हॉल्व्हर रिकामं केलं. उरलेली काडतुसं टेबलावर पडली आणि मला त्यांचं टोक दिसलं. लाल, चकचकीत तांबं. नवरदेव! मी नळीच्या तोंडातून सळई घातली. अर्ध्यावर टक्क करून थांबली. उस्तादांनी सळईकडे पाहिलं. मग त्यांनी आपला डावा पंजा डोळ्यांसमोर धरला, हळूच मिटला, हळूच उघडला.

खल्फान धावत आला. "क्या हुआ?"

"ही काडतुसं कुणी भरली?"

"मैं! सुबह को. वो तुम्हारा काला-काला गोली, चरबी वाला, मेहमान को देगा? ऐब है! हमने नया तांबा वाला लगाया." मग छाती पुढे काढून म्हणाला, "बारूद को हाथ नई लगाया, कसम. तुमने जितना रखा, उतना ही रखा!"

मी त्याला सळई दाखवली. माझा अंगठा दाखवला, तो जांभळा होत होता. तो हुशार माणूस. त्याला दोनदा सांगावं लागलं नाही. तो तिथंच सिमेंटवर मट्‌कन बसला. डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला आणि उस्तादांच्या हाताकडे बघत राहिला.

माझ्या तोंडात अस्सल पलटणीतली शिवी तयार होती. उस्तादांनी डोळ्यांनीच ती परत आत पाठवली. ते खल्फानसमोर उकिडवे बसले. गुडघे कटकन वाजले.

"सार्जंट," ते त्यांच्या पलटणी हिंदीत म्हणाले, "मेहमान को अच्छा खिलाना चाहा, नमक गलती से जादा हो गया. उठो. अब मेहमान भूखा है."

"नई बाबा, आज खलास. हम नई देगा गोली."

"काला वाला है ना?"

"दराज में."

"निकालो. तुम्हारे हाथ से लूँगा."

खल्फाननं तो डबा आणला. एकेक काडतूस उन्हात धरून माझ्यापुढे करायचा, मी "शिसं" म्हणायचो, मग उस्तादांच्या तळहातावर ठेवायचा. वॉकीटॉकी टेबलावर पडली होती. तिच्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

दुसरं रिव्हॉल्व्हर घेतलं. त्याची नळी मी आकाशाकडे धरून आरपार बघितली, खल्फाननं बघितली, मग उस्तादांनी बघितली. फायर सुरू झालं. ठाप. थांबून, ठाप. मऊ, मामाच्या चालीनं. प्रत्येक आवाजाला खल्फान डोळे मिटत होता आणि मी उघडे ठेवत होतो. शेवटचा राउंड सुटला. उस्तादांनी हत्यार रिकामं करून टेबलावर ठेवलं. हात शाबूत होता.

टार्गेट जवळ आणलं. अरे देवा! एक कानाला, एक खांद्याला, दोन कागदाच्या बाहेर, एक तर लाकडी चौकटीत. ज्या माणसानं बटालियनला नेम शिकवला, त्याला काय म्हणायचं?

उस्ताद मात्र कागदाकडे बघून हसायला लागले. अगदी पोट धरून.

"कदम, हे कुणी फायर केलंय ओळख!"

मी ओळखलं. अख्ख्या कंपनीत असा कागद एकाचाच यायचा.

"दत्तू," मी म्हटलं.

"दत्तू! वर्षानुवर्षं मी त्याला फायरिंगमध्ये फेल करत आलो. लान्स नाईक व्हायचा राहिला त्या पायी. दर वेळी मिशीतून हसायचा, म्हणायचा, उस्ताद, पुढच्या खेपेला. मी म्हणायचो, पुढच्या खेपेला बघू."

ते हसायचे थांबले. खल्फाननं मला विचारलं, कोण हा? मी सांगितलं: उस्तादांना पाठीवरून खाली घेऊन आला तो. खल्फाननं रुमाल पुन्हा डोक्यावर नीट घातला आणि पुटपुटला, "अल्लाह यरहमाह."

उस्तादांनी माझ्या खिशातलं पेन मागितलं. कागद टेबलावर पसरला. खल्फाननं एक कोपरा धरला, मी दुसरा. डाव्या हातानं, पहिलीतल्या पोरासारखी वाकडी अक्षरं काढत त्यांनी खाली लिहिलं: शिपाई दत्तू जगताप. पास.