रॅमला लावलेली इबूत

माझा भाऊ मडिवाळप्पा माणूस म्हणून कसा हाय, ते मला इचारू नका. सख्खा भाऊ हाय, पण त्याच्यासाठी खोटं बोलायला मी काय त्याची बायको न्हाय. सोलापुरात मंगळवार पेठेत त्याचं चादरी-टॉवेलचं दुकान हाय, आणि दुकानापलीकडं बी जग असतंय हे त्याला मान्यच न्हाय. पण मी सांगतेय ती त्याच्या पोराची गोष्ट. प्रभुलिंग त्याचं नाव. पोरगं लई गरीब. कुणी चार शिव्या दिल्या तर पाचवी राहिली का म्हणून थांबणारं.

मी गंगम्मा, त्याची आत्या. नवरा गेल्यापास्नं वळसंगात एकटी असते, आणि कटाळा आला की एसटी धरून भावाकडं येते. आले की प्रभू मला धरून बसवायचा आणि त्याच्या कॉम्प्युटरचं सांगायचा. घरात दुसरं कोण ऐकतंय त्याचं? आप्पाला, म्हंजी त्याच्या बापाला, ते यंत्र डोळ्यासमोर नको.

यंत्र त्यानं इकत आणलं न्हाय, घरी बनवलं. लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि मिळालं की एकेक पार्ट आणून जोडायचा. सोलापूरचं ऊन तुमाला माहीत हाय, म्हणून त्यानं पेटीची एक बाजू काढून ठेवली होती आणि तिच्यासमोर टेबलफॅन लावला होता. आत रंगीत दिवे लागायच्या दोन पट्ट्या. त्याला म्हणं रॅम म्हणायचं. मी म्हणलं, हे रॅम काय करतंय? तर म्हणला, "आत्या, गोदामात माल किती बी असू दे, गिऱ्हाइकाला दाखवायला काउंटरवर काढावा लागतो की न्हाय? तो काउंटर म्हंजी रॅम." आता हे मला कळलं, मग दुकानात जन्म काढलेल्या बापाला का कळू न्हाय? पण त्यानं कदी इचारलंच न्हाय.

खेळायला कशाला एवढं यंत्र, असं मी बी म्हणलेच होते. तवा त्यानं सांगितलं, की गेम खेळणाऱ्यांचे संघ असतात, त्यांना पगार असतो. हैदराबादचा एक संघ पोरं निवडत होता. एका रविवारी आपल्या घरूनच, आपल्या यंत्रावर खेळून दाखवायचं. निवड झाली की हैदराबादला जायचं आणि तितंच राहायचं. त्या दुकानातनं सुटायची एवढीच एक वाट होती त्याला. ते त्यानं सांगितलं न्हाय, पण मला काय दिसत न्हवतं व्हय?

आणि नेमका तवाच कॉम्प्युटर दगा द्यायला लागला. ऐन खेळात पडदा निळा व्हायचा आणि सगळं बंद. प्रभू म्हणायचा मेमरीत चूक येतेय. तपासायचा एक प्रोग्रॅम लावून दिवसभर समोर बसायचा. काळ्या पडद्यावर आकडे पळायचे आणि मधनंच लाल ओळ यायची. लाल ओळ म्हंजी चूक. मग पट्ट्या काढायच्या, त्यांचे पिवळे दात खोडरबरानं घासायचे. एक ठेव, एक काढ. ह्या खाचेतली त्या खाचेत. चार दिवस बरं चालायचं, आणि पुन्यांदा लाल. नवीन पट्ट्या आणल्या, त्यांच्यावर बी लाल. पोरगं निम्मं झालं की हो!

आणि बाप? दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "आमच्या प्रभूच्या डोक्यातली बी तीच पट्टी सैल हाय. घासून बघितली, बसत न्हाय." गिऱ्हाइकं हसायची. हा खाली मान घालून चादरीच्या घड्या घालायचा. मी एकदा म्हणलं, "मडिवाळ्या, लाज वाटू दे. पोटचं पोर हाय." तर म्हणतो कसा, "अक्का, पोटचं हाय म्हणूनच बोलतो. दुसऱ्याचं असतं तर हाकलून दिलं असतं."

एका अमावास्येला मी तितंच होते. आमच्या लिंगायतांत अमावास्येला तराजू, गल्ला, गाडी, सगळ्याला इबूत, म्हंजी भस्म, लावतात. बापलेक दुकानच्या पूजेला गेले होते. माझी भावजय सावित्रम्मा इबुतीची वडी पाण्यात उगाळून घरात फिरत होती. शिलाई मशीनला लावली, मिक्सरला लावली. मग प्रभूच्या खोलीत गेली, त्या उघड्या पेटीत हात घातला आणि त्या चमकणाऱ्या पट्ट्यांवर तीन बोटं ओढली. पाणी खाली खाचेत उतरलेलं मी ह्या डोळ्यांनी बघितलं.

"अगं बाई, काय करतीस?"

"दिवे लागतात तितं देव असतोय, वन्सं," ती म्हणाली. "दर अमावास्येला लावते. पोराच्या यंत्राला कुणाची तरी नजर लागलीय. तो चिडतो, म्हणून वाळली की पदरानं पुसून टाकते."

वरचं पुसलं जायचं, खाचेतलं तसंच राहायचं. पोरगं पट्ट्या घासत बसलं आणि खाच कुणी बघितलीच न्हाय! मी प्रभू आल्या-आल्या त्याला सांगितलं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतो. पण तो हसला हो. हसता-हसता डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. आईला म्हणला, "अव्वा, देवाला पेटीच्या भाईर ठेव, आत त्याला शॉक बसंल." मग बारक्या ब्रशनं, स्पिरीट लावून खाच साफ केली. दिवसभर तपासणी चालली, एक लाल ओळ आली न्हाय.

त्या रात्री जेवताना तो लई दिवसांनी बोलला. बापाला बी सांगितलं. कुठल्या खाचेत, किती थेंब, त्यानं कसं अख्खं यंत्र बंद पडतंय, सगळं. आणि आप्पा ऐकत होता. भाकरी मोडायची थांबवून ऐकत होता. जन्मात पहिल्यांदा बाप आपलं ऐकतोय म्हणून पोरगं सांगतच सुटलं. मला बी बरं वाटलं, आग लागो माझ्या बरं वाटण्याला.

तो रविवार आला. सकाळी प्रभू आणि मी सिद्धरामेश्वराच्या पाया पडून आलो. सावित्रम्मा घरी सैपाक करत होती. आप्पा त्या दिवशी उशिरा दुकानाला गेला. प्रभू खेळायला बसला. मला त्यातलं काय कळतंय? पण पोराचा चेहरा कळत होता. कानावर तो हेडफोन, ओठ दाबलेले, बोटं कशी चालत होती! मधेच म्हणला, "आत्या, पुढं हाय मी." आणि पडदा निळा झाला.

पुन्यांदा सुरू केलं, पुन्यांदा निळा. त्यानं आत बॅटरी मारली. खाच पांढरी, ओलीगच्च. तसाच पुसत बसला. तेवढ्यात तिकडनं मोबाइलवर निरोप आला, की त्यांनी पुढचा पोरगा घेतलाय.

सावित्रम्मा दारात उभी होती. तो वळला आणि म्हणला, "आज अमावास्या बी न्हवती, अव्वा. नजर लागली म्हणतीस ना? तुझीच लागली. असली आई वैऱ्याला बी नको."

तिनं गळ्यातलं लिंग हातात घेतलं. आमच्यात ह्याच्यापुढं शपथ न्हाय. म्हणली, "मी हात लावला न्हाय रे बाळा."

"ते लिंग बी खोटं आणि तू बी खोटी," तो म्हणला. ह्या पोरानं, ज्यानं कदी कुणाला अरेतुरे केलं न्हाय! शिव शिव. तिनं लिंग पदराआड केलं आणि सैपाकघरात गेली.

दुपारी आप्पा जेवायला आला. मी सगळं सांगितलं. तो मोरीत हात धूत होता. शांतपणे म्हणला, "मी लावली. देवाचीच इबूत लावली, इख न्हाय लावलं." मग पोराकडं बघून, "संध्याकाळी ये, माल उतरायचाय."

मी काय-काय बोलले ते हितं सांगण्यासारखं न्हाय. भाऊ जेवला, झोपला, दुकानाला गेला. आणि प्रभू? संध्याकाळी गेला की माल उतरायला! मी दारात वाट अडवली, "जाऊ नको, भांड त्याच्याशी." तर म्हणला, "आता भांडून काय, आत्या? ते तर दुसऱ्याला घेऊन बसले."

आता पोरगं रोज दुकानात बसतं. भाऊ पेठेत सांगत फिरतो, पोरगं लायनीवर आलं. पण सावित्रम्मा पोराशी बोलत न्हाय. ताट वाढती, कपडे धुती, एक शब्द न्हाय. त्यानं पाय धरले, रडला, माफी मागितली. तिनं पाय मागं घेतले. आणि नवऱ्याशी रोजच्यासारखं, चहा घेता का, भाजी कसली आणू.

गेल्या खेपेला माझं टाळकंच फिरलं. जेवणं चालली होती. मी म्हणलं, "सावित्री, चोर सोडून संन्याशाला फाशी देतीस व्हय? ज्यानं केलं त्याला चहा, आणि पोराला ही शिक्षा?"

तिनं भाकरी परतली. म्हणली, "वन्सं, ह्यांच्याकडनं मी कदी कशाची आशा केली न्हवती. माझी आशा ह्या एकट्यावर होती."

प्रभू तितंच जेवत बसला होता.