डाव्या हाताची कात्री

"अगं, कापड विचारतं का, कुठल्या हातानं कापलं म्हणून?" नवरा तिसऱ्यांदा म्हणाला.

"कापड नाही, मनगट विचारतं."

"मोठ्या कारखान्यात पगार दीडपट, न्यायला बस," सासूबाईंनी लेकाची री ओढली.

वीस वर्षं ती जिथं कापड बेतत होती, तो कारखाना बंद पडला होता आणि दोन नोकऱ्या चालून आल्या होत्या. ती डावखुरी. मोठ्या कारखान्यातल्या साहेबानं उजव्या हाताची कात्री पुढे करून "होईल सवय" म्हटलं होतं. छोट्या शिवणगृहाच्या मालकिणीनं मात्र भिंतीला चिकटलेलं टेबल ओढून तिच्या डाव्या हाताला जागा करून दिली होती.

तिनं आपली कात्री फडक्यात गुंडाळली.

"सोमवारपासून शिवणगृहात जाणार आहे. डबा आठला लागेल."