टेबलाबरोबर येणारा माणूस

आमच्या घरमालकांनी आयुष्यात जितकी लग्नं जेवली तितकी अख्ख्या वसईत दुसऱ्या कोणी जेवली नसतील, आणि त्यांतल्या निम्म्याअधिक लग्नांना त्यांना कोणी बोलावलेलंच नव्हतं. बोलावणं यायचं ते त्यांच्या टेबलाला. गावात लग्न निघालं, बाप्तिस्मा निघाला, कोणी गेलं, ग्रामपंचायतीची सभा भरली, की माणसं त्यांच्या ओटीवर येऊन म्हणायची, "टेबल पाहिजे होतं." हे लगेच आत जाऊन काळा कोट चढवायचे. टेबल एकटं पाठवायची रीत त्यांच्याकडे नव्हती. बैलगाडीत ते सागवानी धूड उताणं घातलेलं, त्याचे जाडजूड पाय आभाळाकडे, आणि त्या चार पायांच्या मध्ये हे, पालखीत बसावं तसे गंभीर चेहऱ्याने बसलेले. केळीच्या वाड्यांमधून अशी गाडी जाताना पाहिली की गावाला कळायचं, कुठेतरी काहीतरी आहे.

एकाहत्तर-बहात्तर साल असेल. मला वसईतल्या एका शाळेत नोकरी लागली आणि मी राजापूरहून एक ट्रंक घेऊन इकडे आलो. खोली शोधत त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा आता जात, गाव, पगार, मासळी खाता की नाही, असे सगळे प्रश्न येतील म्हणून उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यांनी एकच विचारलं, "मास्तर, तुमच्याकडे टेबल आहे?" मी म्हणालो, नाही, वह्या मी ट्रंक मांडीवर घेऊन तपासतो. पोरक्या मुलाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात ते आणि घरमालकीणबाई अशी दोनच माणसं, पण टेबलं सहा होती. त्यांतलं एक संध्याकाळी माझ्या खोलीत आलं आणि त्याच्या पाठोपाठ हेही आले. खुर्ची ओढून बसले. मी वह्या तपासल्या, भात लावला, जेवलो, हे बसूनच. पुढचे तीन-चार दिवस हाच क्रम. शेवटी मी भीत भीत विचारलं, काही काम होतं का? म्हणाले, "काम नाही. त्याला तुमची सवय होईपर्यंत बसतो." त्या घरची आपसातली बोली मला पहिलं वर्षभर अजिबात कळली नाही. माझ्याशी बोलताना मात्र ते क्रमिक पुस्तकातली मराठी काढायचे आणि त्यामुळे त्यांचं कुठलंही बोलणं मला धड्यासारखं खरं वाटायचं.

टेबलांच्या स्वभावाविषयी त्यांची मतं ठाम होती. ज्या टेबलाला खण असतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये, हे पहिलं. सरकारी कचेरीतल्या सगळ्या टेबलांना खण असतात, तेवढ्यावरून काय ते समजावं, असं ते म्हणत. सगळ्यात प्रामाणिक टेबल शिंप्याचं, कारण जे आहे ते वर पसरलेलं. रेशनच्या दुकानातलं टेबल हे टेबलच नव्हे, ती भिंत. तिच्या पलीकडचा माणूस कधी आपला होत नाही. स्टेशनजवळच्या हॉटेलातलं संगमरवरी टेबल थंड स्वभावाचं, त्याच्यावर कोपर टेकून भांडण करणं शक्य नाही. डॉक्टरच्या टेबलावर काच असते आणि काचेखाली देवाची चित्रं, तेव्हा रोगी नेमका कोणामुळे बरा होतो हे सांगणं कठीण. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचं टेबल पाहायला ते एकदा मुद्दाम आले, वाकून खालून बघितलं, एका पायाला हात लावला आणि बाहेर पडताना माझ्या कानाशी म्हणाले, "माणूस कडक वाटतो, पण लंगडा आहे. घाबरू नका." मुख्याध्यापक की टेबल, हे मी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मला त्यांची भीती वाटेनाशी झाली, हे खरं.

एका निवडणुकीत आमच्या शाळेत मतदानकेंद्र होतं आणि तिथे टेबल कमी पडलं. ते आलं, अर्थात हेही आले आणि मतपेटीशेजारी बसले. मुंबईहून आलेले केंद्राधिकारी घामाघूम झालेले होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही कोणाचे प्रतिनिधी?"

"टेबलाचा," हे म्हणाले.

"या नावाचा उमेदवार यादीत नाही," असं म्हणून अधिकाऱ्यांनी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. मग शिपायाला बोलावून यांना बाहेर काढायला सांगितलं. शिपाई नायगावकडचा, खाडीकाठचा. तो म्हणाला, "साहेब, हे गेले तर टेबल जानार. पेटी काय मग मांडीवर घेनार?" दिवसभर हे तिथेच बसले. मतदाराने मत टाकताना टेबलाला धक्का लावू नये एवढंच पाहत होते, पण त्यांच्या त्या करड्या नजरेमुळे त्या केंद्रावरचं मतदान जितकं शांततेत पार पडलं तितकं तालुक्यात कुठेच पडलं नसेल.

आणीबाणीच्या दिवसांत शाळेतच कुटुंबनियोजनाचं शिबिर भरलं. दोन टेबलं मागवली गेली, एक नावं लिहायला आणि एक आत तपासणीला. हे नेहमीप्रमाणे बाहेरच्या टेबलाजवळ बसले, आणि त्यांची खुर्ची नेमकी रांगेत आली. नर्सबाई नवीन होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "बाबा, किती आहेत?"

"सहा."

"सहा! मग आता पुरे की नाही?"

"एक गोल हवं होतं," हे म्हणाले. "हिची फार इच्छा आहे."

नर्सबाईंनी आता मान वर केली. "थोरलं केवढं आहे?"

"थोरलं माझ्या आजोबांच्या वेळचं."

म्हातारा तापात बरळतोय असं समजून बाईंनी त्यांच्या तोंडात थर्मामीटर खुपसला, त्यामुळे पुढचं काही त्यांना सांगता येईना. दोघांनी धरून त्यांना आत नेलं आणि त्यांच्याच टेबलावर आडवं व्हायला सांगितलं. तेव्हा मात्र थर्मामीटर हातात काढून ते गरजले, "टेबलावर पाय ठेवायचे नाहीत! आमच्या घरात ठेवत नाहीत!" डॉक्टर इथलेच होते, त्यांनी आवाज ओळखला म्हणून निभावलं. घरी आल्यावर ही हकिगत त्यांनी बायकोला सांगितली तेव्हा त्यांची तक्रार एवढीच होती, की त्या लोकांनी टेबलावर रबराची चादर घातली होती आणि त्याने पॉलिश जातं.

मयताच्या घरी शवपेटी ठेवायला मोठं टेबल लागायचं आणि पुष्कळदा फादरांच्या आधी हे पोचायचे. त्यामुळे एकदा भलताच प्रकार झाला. शेजारच्या आळीतले एक आजोबा महिनाभर अंथरुणाला खिळले होते. अन्न सुटलेलं, मरणाऱ्याला फादर देतात तो शेवटचा तैलाभ्यंगही झालेला. त्यांच्या पलीकडच्या घरी बाप्तिस्मा होता म्हणून यांची गाडी त्या आळीत शिरली. आजोबांनी खिडकीतून टेबलाचे पाय आणि त्यांमधला काळा कोट पाहिला, आणि "अजून नाही, अजून नाही!" असं ओरडत उठून थेट मागच्या विहिरीपर्यंत चालत गेले. तिथून आले ते भूक लागली म्हणतच. त्यानंतर कैक वर्षं जगले. पण रस्त्यात यांना पाहिलं की बाजूच्या वाडीत शिरायचे.

एकदा मी घरमालकीणबाईंना विचारलं, हे तुम्हाला मागणी घालायला कसे आले होते? बाई तांदूळ निवडत होत्या. "कसे येणार? टेबल घेऊन," त्या म्हणाल्या. "माझ्या बहिणीच्या लग्नाला आमच्याकडे मोठं टेबल आलं. लग्न झालं, पाहुणे गेले, तरी हे टेबल न्यायला तयार होईनात. दुसऱ्या दिवशीही नेलं नाही. आठवडा झाला. रोज येऊन बसायचे, टेबलाकडे बघायचे, एक शब्द बोलायचे नाहीत. शेवटी माझे वडील म्हणाले, पोरगी देतो पण ही अडगळ घेऊन जा बाबा." मग तांदळातला खडा उचलून त्या हळूच म्हणाल्या, "मास्तर, माणूस फार लाजरा आहे. लोकांना वाटतं टेबलाचं वेड. रिकाम्या हाताने कोणाच्या दारात उभं राहणं त्यांना जमलेलंच नाही कधी."

ऐंशी सालानंतर वसई भराभर बदलू लागली. वालीवच्या बाजूला कारखान्यांचे गाळे निघाले आणि त्यांतल्या कुठल्यातरी गाळ्यातून पत्र्याची घडीची टेबलं बाहेर पडू लागली. मांडववाला लग्नाला टेंपो भरून ती आणायचा, वर पांढरं कापड टाकायचा, संध्याकाळी खाडखाड मिटून घेऊन जायचा. बैल नको, गाडी नको, उचलायला सहा माणसं नकोत. आमच्या समोरच्याच घरी मुलीचं लग्न निघालं. हे सकाळपासून कोट घालून ओटीवर. टेंपो आला, टेबलं उतरली, बॅंडही सुरू झाला. समोरचे यजमान स्वतः येऊन "काका, चला" म्हणून गेले. बाई जाऊन आल्या. हे उठले नाहीत. "टेबलाला कुठे बोलावलंय?" एवढंच म्हणाले आणि कोट काढून खुंटीला लावला. तो कोट मग खुंटीवरच राहिला. पुढे गावात कितीतरी लग्नं झाली, आणि चर्चमधला रविवारचा मिस्सा सोडला तर हे कुठे जाईनासे झाले. दिवसभर घरातल्या घरात मोठ्या टेबलाच्या टोकाशी बसायचे. खोबरेल तेलाचा बोळा घेऊन एकच कोपरा पुसत राहायचे. बाईंनी गोल टेबलाचा विषय काढून पाहिला, त्यालाही "बघू" म्हणाले. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

त्याच सुमारास आम्हाला मुलगी झाली. मधल्या काळात माझं लग्न होऊन त्या खोलीच्या दोन खोल्या झाल्या होत्या. बारसं ठरलं तेव्हा घरमालकीणबाई मागच्या दाराने येऊन म्हणाल्या, "मास्तर, टेबल मागा. म्हणजे येतील."

"बारशाला टेबल कशाला?"

"पाळणा ठेवा त्याच्यावर."

मी मागायला निघालोच होतो, पण माझ्या बायकोने अडवलं. "आपल्याला कोण हवंय? ते की टेबल? मग तसं सांगा ना." तिचं बरोबर होतं. मी गेलो आणि म्हणालो, उद्या संध्याकाळी बारसं आहे.

त्यांचे डोळे एकदम उजळले. "कुठलं पाठवू? मधलं बरं पडेल."

"टेबल नको. तुम्ही या."

"आणि?"

"आणि काही नाही."

"मग मी तिथे काय करू, मास्तर?"

"बसा. जेवा. मुलीला बघा."

ते पुन्हा टेबलाचा कोपरा पुसू लागले. बाईंनी मला दारापर्यंत पोचवताना मान हलवली; नाही यायचे, असा तिचा अर्थ होता.

दुसऱ्या दिवशी बायका जमल्या, पाळण्याला झेंडूची माळ बांधून झाली, तरी हे नाहीत. आमचं दार आणि त्यांचं दार एकाच ओटीवर, मध्ये एक खांब. पण मी तिकडे पाहायचं टाळत होतो. मग एकदम बोलणं थांबलं. दारात हे उभे. काळा कोट, केसांना पाणी लावलेलं, आणि दोन्ही हात पुढे धरलेले, जणू पलीकडून कोणीतरी अजून टेबलाची दुसरी बाजू पकडून आहे. ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना समजत नव्हतं. आत यावं की नाही, तेही समजत नव्हतं. माझ्या बायकोने पाहिलं. ती उठली आणि "जरा धरा हिला, मला आत भात बघायचाय," असं म्हणून मुलगी सरळ त्यांच्या हातांवर ठेवून निघून गेली.

त्यांनी ती सपाट धरली, इकडे-तिकडे कलू न देता, दाराच्या चौकटीला धक्का लागू न देता, एक एक पाऊल टाकत खोलीच्या मधोमध आणली. कोणी हसलं नाही. पानं जमिनीवर मांडली होती. त्यांना खाली बसायची सवय नव्हती. दोघांनी धरून बसवलं, पाय लांब सोडून बसले, आणि आमटी दोनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर मुलगी परत त्यांच्याकडेच आली आणि कोटावर डोकं टेकून झोपली. एकेक करून बायका गेल्या. घरमालकीणबाईही उठून दाराशी थांबल्या. मी ताटं उचलत होतो, तेवढ्यात यांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"मास्तर, एक विचारतो," ते कुजबुजले. "टेबल रिकामं झालं की मी निघायचो. नुसतं आलेल्या माणसाने निघायचं कधी?"

"त्याला कंटाळा आला की."

त्यांनी झोपलेल्या मुलीकडे पाहिलं, दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं.

"मग तू हो पुढे," ते तिला म्हणाले. "मी बसलोय अजून."