टुर्बीनेचे अनेकवचन

चाळिशी उलटल्यावर मी जर्मन शिकू लागलो. कर्जतच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या माणसाला तिची गरज नव्हती. परंतु खोपोलीच्या वीजघरात जर्मन यंत्रे होती आणि त्यांची माहितीपुस्तके उलगडून सांगणारा कोणी हवा होता. उन्हाळ्याच्या सुटीपुरते मला घेतले. जमले तर नोकरी कायम, नाहीतर पुन्हा शाळा.

संस्कृतच्या सवयीने मी शब्द चालवूनच पाठ करी. जर्मनचे स्वतःचे, घरचे शब्द हळूहळू वळणावर येत. यंत्रांची नावे मात्र बहुधा लॅटिनमधून उसनी घेतलेली. त्यांचे अनेकवचन कसे होईल, याचा भरवसा नसे. ‘मोटोर’चे ‘मोटोरेन’ होताना उच्चाराचा जोरसुद्धा पुढच्या अक्षरावर सरके. जेवताना, अंगणात येरझाऱ्या घालताना मी पुटपुटत असे.

“अहो, घास तरी गिळा,” पत्नी म्हणे. “राम चालवताना एवढा घाम नव्हता फुटला!”

“राम आपला होता गं.”

“मग ह्या परक्या मोटारीला बसू द्या की जरा.”

सुटी संपत आली असता यंत्रे तपासायला ती बनवणाऱ्या कारखान्याचा जर्मन इंजिनिअर आला. दुभाषा मी. यंत्रांच्या घरघरीत वीजघराच्या साहेबांच्या मागे मी उभा होतो. पाहुण्याने कान देऊन ऐकले, हात हवेत फिरवला आणि तो ओरडला. ‘बंद करा’ एवढे कळले. पण काय? ‘टुर्बीने’, म्हणजे एक टर्बाइन, की ‘टुर्बीनेन’? एक यंत्र की सगळी? शब्दाचे शेपूट त्या आवाजाने गिळले होते. सगळी थांबली तर इथल्या विजेवर चालणाऱ्या मुंबईच्या गिरण्या थांबणार.

“काय म्हणाला?” साहेबांनी विचारले.

अंदाजाने सांगणे सोपे होते. कोणाला पुन्हा बोलायला लावणे मला जन्मात साधले नव्हते. दुकानदाराचे पुटपुटणेही मी समजल्यासारखी मान हलवून सोडून देई. पण या वेळी मी पुढे झालो, पाहुण्याची बाही धरली आणि ओरडून विचारले, “एक की सगळी?” प्रत्यय बरोबर लागले की नाही, देव जाणे. त्याने चिडून एक बोट माझ्या नाकासमोर नाचवले आणि ते मधल्या यंत्राकडे रोखले.

“एकच. ते मधले.”

“नक्की?”

“विचारून घेतलं, साहेब.”

मधले यंत्र मंदावत थांबले. बाकीची फिरत राहिली. पाहुणा वाकून आत पाहू लागला.

“मास्तर,” साहेब म्हणाले, “शाळेला कळवून टाका, आता परत येत नाही म्हणून.”

मी मान हलवली. पाहुणा पुन्हा काहीतरी बोलण्याच्या बेतात होता. मी सरकून त्याच्या अगदी जवळ उभा राहिलो.