गाडी कुठवर आली?

भिवंडीत धामणकर नाक्यावरच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी क्लार्क होतो, तेव्हाची ही बाई. आमच्या एका ड्रायव्हरची बायको. देवळात यावं तशी दाराशी चपला काढायची आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचारायची, "भाऊ, गाडी कुठवर आली?" वाटेतून ड्रायव्हरचा फोन आलेला असला तर मी सांगायचो. काय जीव आहे नवऱ्यावर, असं आम्ही म्हणायचो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी गाड्यांचा ठावठिकाणा दाखवणारी यंत्रं विकायला आली. एक दिवसातून एकदा सांगणारं, दुसरं महाग, पण दर तासाला. शेठचं काही ठरेना. ती दारात दिसली म्हणून मी गमतीनं विचारलं, "वहिनी, कुठलं घ्यावं?"

"तासाचं घ्या," ती लगेच म्हणाली. "गाडी कसाऱ्याचा घाट उतरली का मला कलवा. तो घरात यायच्या आत पोरींना आईकडं पोचवाया तेवढा टाइम पुरंल."

शेठनी कसंबसं विचारलं, "आणि तू?"

"मी ऱ्हाते. माराया कोनतरी लागतंच त्याला."

चपला घालून ती निघून गेली. शेठनी तासाचंच यंत्र घेतलं. पहिलं कुठल्या गाडीवर बसवायचं, हे मला विचारावं लागलं नाही.