संगमनेरच्या वर्गात हाताची घडी

‘आमची शाळा मुलांना कॉलेजसाठी पूर्ण तयार करते,’ हे मी दर वर्षी दहावीच्या निरोप समारंभात ठणकावून सांगतो. (टाळ्या शिक्षकच वाजवतात.)

मागच्या वर्षी माझीच मुलगी सोनईहून संगमनेरला अकरावीला निघाली.

“पप्पा, हॉस्टेलवर सामान टाकायचं अन् तसंच माघारी फिरायचं! मी तुमची पोरगी हाय, हे वर्गात कुणाला कळता कामा न्हाई!”

“शप्पथ!” मी म्हणालो.

“यांची शप्पथ गेटपर्यंतच टिकती, मने,” बायको म्हणाली.

हा अन्याय होता. शप्पथ चांगली कॉलेजच्या व्हरांड्यापर्यंत टिकली! तिथं मनूच्या वर्गातून असा गलका येत होता, की घोडेगावचा बैलबाजार बरा. शिकवणाऱ्या मॅडम आल्याच नव्हत्या. माझ्यातला मास्तर कुठला गप्प बसतोय? आत शिरलो आणि गरजलो, “हाताची घडी! तोंडावर बोट!”

मिसरूड फुटलेल्या पोरांसकट अख्खा वर्ग आधी उठून “एक साथ नमस्ते!” ओरडला, मग तोंडावर बोट ठेवून बसला. काय ती तयारी! माझा ऊर भरून आला. शेवटच्या बाकावर मनूनं मात्र बोटाऐवजी आख्खी ओढणीच तोंडावर घेतली होती.

इथं मी निघायला हवं होतं. पण खडू दिसला!

“लिहून घ्या,” म्हणालो. वह्या उघडल्या. तेवढ्यात दारात एक मुलगी धापा टाकत आली.

“आत येऊ का, सर?”

“उशीर का?”

“बस चुकली, सर.”

“मग बाहेर उभी राहा!”

बिचारी निमूट उभी राहिली. थोड्या वेळानं शिपायाचा आवाज आला, “मॅडम, तुमी भायेर का हुभ्या? तास तुमचाच हाय की!”

मॅडम! नोकरीचा पहिलाच दिवस!

“मला वाटलं, प्राचार्यांनी यांना पाठवलंय,” त्या चाचरत म्हणाल्या. (शाळेनं त्यांनाही छान तयार केलं होतं.) “पण सर, आपण कोण?”

ओढणीच्या फटीतून दोन डोळे मला विनवत होते. मी काळजावर दगड ठेवला.

“कुणी नाही. वर्ग चुकला. माफ करा, मॅडम.”

वाचली पोरगी! ताठ मानेनं दारापर्यंत गेलो आणि सवयीनं मागं वळलो.

“मने, डबा खा गं वेळेवर!”

अख्ख्या वर्गाच्या माना शेवटच्या बाकाकडे वळल्या. एक साथ!

यंदाच्या समारंभात मी भाषण बदललं : पोरं तयार आहेत, पालकांना तेवढं शाळेतच ठेवून घ्या! (मी तसाही तिथंच असतो.)